आठ फूट मोकळी फरशी

गेमचं नवं मशीन दुकानात आलं की ते खपणार की फळीवर धूळ खात बसणार, हे मी खोकं फोडायच्या आधी सांगत असे. ही फुशारकी नाही, आमच्या लाइनीतले लोक फोन करून विचारायचे. मुलुंडचा एक होलसेलवाला तर म्हणायचा, ‘वंदनाताईंनी नाक मुरडलं की मी माल उतरवूनच घेत नाही.’ घाटकोपर पूर्वेला मार्टिन अंकलच्या दुकानात मी एकतीस वर्षं काउंटरवर उभी राहिले. त्या एकतीस वर्षांत माझा अंदाज एकदाच सपशेल चुकला. खरं तर बाकीच्या वेळचं कौतुक सांगायला म्हणून हे लिहायला घेतलं होतं, पण कागद पुढे ओढल्यावर ती एकच चूक पुढे पुढे करायला लागली. तेव्हा थोडं कौतुक आधी, मग ती.

मी लागले तेव्हा मला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. बारावी आणि टायपिंगच्या दोन परीक्षा, एवढंच भांडवल. मार्टिन अंकल चेंबूर गावठाणातले, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळ ख्रिस्ती. आधी ते रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, मग टीव्हीला जोडायचे गेम विकायला लागले. माझे वडील त्यांच्याकडे रेडिओ दुरुस्तीला न्यायचे, त्या ओळखीवर त्यांनी मला बिलं लिहायला ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘हे बघ बाय, मशीनच्या पोटात काय हाय ते मी बघतो. गिऱ्हाइकाच्या पोटात काय हाय ते तू बघ.’ मग मी तेच बघत राहिले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ज्या मशीनचं चित्र देखणं आणि ताकद जास्त, ते जास्त विकलं जातं. तसं असतं तर कंपन्यांची किती झोप वाचली असती. मशीन म्हणजे नुसता डबा हो. माणूस डबा घेत नाही, त्यावर खेळायचे गेम घेतो. आणि गेमही आपल्या मनानं घेत नाही, शेजारी काय आहे ते बघून घेतो, कारण सारखंच मशीन असलं तर कॅसेटींची अदलाबदल करता येते. एखाद्या बिल्डिंगमध्ये पहिलं मशीन ज्या कंपनीचं शिरलं, ती बिल्डिंग पुढची चार-पाच वर्षं त्या कंपनीची. म्हणून मी कधी जाहिरात बघत बसले नाही. खोक्यात रिमोट किती आहेत, गेम कुठले आहेत आणि मुलाच्या आईला काय सांगता येईल, एवढं बघायची.

आईला काय सांगता येईल, यावर तर आमच्या काही दिवाळ्या तरल्या आहेत. सुरुवातीच्या काळात एक मशीन आलं होतं, त्याला टाइपरायटरसारखा कीबोर्ड होता. आतून ते इतर कॅसेटवाल्या मशीनसारखंच होतं, अंकलनी उघडून दाखवलं होतं मला. पण खोक्यावर ‘कॉम्प्युटर’ असं छापलेलं. एकदा गारोडियानगरच्या एका शाळेतल्या बाई आल्या. कपाळाला आठ्या घालूनच विचारलं, ‘यात अभ्यासाचं काही आहे का?’ मी एक कॅसेट लावली. त्यात आकाशातून अक्षरं पडायची आणि ती खाली पोचायच्या आत टाइप करायची. बाईंनी पर्स काउंटरवर ठेवली आणि सुरुवात केली. वीस मिनिटांनी मागचं गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं तेव्हा म्हणाल्या, ‘अगं थांब, हे सुटत नाही!’ त्या महिन्यात त्यांच्या शाळेतल्या चार शिक्षिका येऊन तेच मशीन घेऊन गेल्या. त्याच वेळी शेजारच्या फळीवर त्याच्यापेक्षा कितीतरी सरस मशीन होतं. रंग बघत राहावं असे. पण त्याच्याबद्दल आईला सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि वर खोक्यात रिमोट एकच. आपल्याकडे मूल एकटं कुठे खेळतं? मे महिन्यात आतेभाऊ, मामेबहिणी घर भरून येतात. एका रिमोटचं मशीन म्हणजे भांडण विकत घेऊन घरी न्यायचं. ते देखणं मशीन दोन दिवाळ्या आमच्या फळीवर बसून राहिलं, शेवटी अंकलनी त्याचे पार्ट काढले.

पुढे सीड्यांची मशीनं आली. त्यातलं एक इतकं खपलं की आम्हाला जेवायला उसंत नसायची. कंपनीचे साहेब भाषणात सांगायचे की हा तंत्राचा विजय आहे. आम्ही काउंटरमागचे लोक गालातल्या गालात हसायचो. त्या मशीनला नकली सीड्या चालायच्या, ही खरी गोम होती. दुसऱ्या कंपनीच्या मशीनला चालायच्या नाहीत, ते पडलं. नकली सीड्या आम्हीही विकल्या, खोटं कशाला बोलू. त्या वेळी वाटायचं, सगळेच विकतात. आज वाटतं की ज्यानं रात्रंदिवस खपून गेम बनवला असेल त्याच्या तोंडातला घास आम्ही काढला. अंकल दर शनिवारी चर्चमध्ये कन्फेशनला जायचे. त्यात हे सांगायचे की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

आणि एक मुलुंडचे काका. बँकेतून रिटायर झालेले. आठ महिने दर शनिवारी वही घेऊन यायचे. दोन मशीनं समोरासमोर लावायला सांगायचे, प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहून घ्यायचे. मी त्यांच्यासाठी एक स्टूल वेगळं काढून ठेवलं होतं. आठ महिन्यांनी त्यांनी काय घेतलं असेल? बॅटरीवर चालणारा, तळहाताएवढा, वरून विटा पडतात तो गेम. ‘काका, मग वही कशाला भरलीत?’ मी विचारलं. म्हणाले, ‘वहीमुळेच कळलं ना. आमच्या घरातल्या टीव्हीवर बायकोचा ताबा आहे. मला माझ्या ठिकाणी मावेल असंच काहीतरी हवं होतं.’ मी हसले. त्या माणसाचं बोलणं मी तेव्हाच नीट ऐकून ठेवलं असतं तर पुढचा घोटाळा टळला असता.

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली असतील. फोनवर गेम फुकट मिळायला लागले होते आणि आमचा काउंटर दुपारभर ओस पडायचा. मोबाइलची दुकानं चालवणारा एक माणूस अंकलच्या मागे लागला होता. त्याला आमची जागा भाड्यानं हवी होती. अंकलचे गुडघे गेले होते, वय झालं होतं. एक दिवस शटर वर करता करता म्हणाले, ‘वंदना, ही दिवाळी बघू. माल उठला तर चालू ठेवू. नाय उठला तर नाताळाला त्याला हो बोलतो. तुला तो ठेवून घेईल, मी बोललोय त्याच्याशी.’ ठेवून घेईल म्हणजे मोबाइलची कव्हरं विकायला. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. आयुष्यात मला एकच गोष्ट फार चांगली जमत होती, आणि ती त्या दुकानाबाहेर कुणाच्या कामाची नव्हती. मला रडू आलं नाही, राग आला.

त्याच सुमाराला ते कॅमेऱ्याचं मशीन आलं. त्याला रिमोटच नव्हता. टीव्हीवर एक लांबट कॅमेरा ठेवायचा, समोर उभं राहायचं आणि हात-पाय हलवायचे. तुम्ही हात फिरवला की पडद्यावरचा माणूस चेंडू टाकणार. आमच्या दुकानात प्रत्येक मशीनला टोपणनाव असायचं, याचं पडलं ‘नाचरा’. कंपनीनं डीलर लोकांना दाखवायला मढचा एक बंगला घेतला होता, शूटिंगला भाड्यानं देतात त्यातला. वर्सोव्याहून तरीनं खाडी ओलांडून आम्ही गेलो. हॉल असा की आमच्या चाळीचा अख्खा मजला त्यात बसावा. संगमरवरी फरशी, वर झुंबर, आणि त्या एवढ्या मोकळ्या जागेत समोर एकटा टीव्ही. कांदिवलीचा शंभर किलोचा डीलर पडद्यापुढे नाचत होता. अंकलनी दुखऱ्या गुडघ्यांनी चेंडू घरंगळत टाकायचा गेम खेळला आणि पडद्यावर उभ्या केलेल्या सगळ्या बाटल्या पाडल्या. मग मी ओढणी कमरेला बांधली आणि उभी राहिले. होडीचा गेम होता. उडी मारली की होडी उडते, डावीकडे झुकलं की वळते. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना खेळवलं होतं, स्वतःसाठी कधी खेळले नव्हते. मी अर्धा तास खेळले. घामानं निथळत, केस सुटलेले, आणि मला हसू आवरत नव्हतं.

अंकल म्हणाले, ‘काय गो, किती घेऊ?’

नवं मशीन आलं की आम्ही फार तर डझनभर घ्यायचो. मी म्हणाले, ‘चाळीस.’

‘चाळीस? डोकं फिरलं काय तुझं?’

‘अंकल, आईला काही सांगायलाच नको. मुलं बसून राहत नाहीत, व्यायाम होतो. रिमोटवरनं भांडण नाही. म्हातारी माणसं पण खेळतील. असं मशीन परत येणार नाही. घ्या चाळीस.’

माझा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. तेव्हाही मोडला नाही.

दिवाळीत आम्ही दुकानाचा पुढचा भाग रिकामा केला, टीव्ही पार आत भिंतीला लावला आणि माणसाला फुटपाथवर उभं केलं. बघ्यांची ही गर्दी. भाऊबिजेपर्यंत बावीस मशीनं गेली. अंकल मला सारखे लाडू देत होते. आणि मग फोन सुरू झाले.

पहिला फोन पंतनगरच्या एका भाभींचा. ‘वंदनाबेन, ये मशीन बोलता है, पीछे जाओ. पीछे कहाँ जाऊँ? पीछे फ्रिज है!’ मी म्हटलं, फ्रिज जरा सरकवा. ‘फ्रिज के पीछे दीवार है, दीवार के पीछे पटेल लोग हैं.’ दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांनी उडी मारताना हात पंख्यात घातला, नशिबानं पंखा एकवर होता. एका घरी ट्यूबलाइट फुटली. एका आजोबांनी टेनिस खेळताना शोकेसमधला नातवाचा गणपती खाली आणला आणि ते दोन दिवस जेवले नाहीत. सगळ्यांची तक्रार एकच होती. पडद्यावर अक्षरं यायची, आणखी मागे सरका. त्या कॅमेऱ्याला माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसावा लागायचा, आणि त्यासाठी टीव्ही आणि माणूस यांच्यात आठेक फूट मोकळी फरशी लागायची. आमच्या गिऱ्हाइकांचे हॉल दहा बाय बारा. त्यात दिवाण, सोफा, टीपॉय, शोकेस, आणि दाराशी चपलांचं स्टँड. आठ फूट फरशी कुठून आणणार?

आठवड्याभरात नऊ मशीनं परत आली. आमच्या धंद्यात नाव जसं बिल्डिंगभर पसरतं, तशी बदनामीही पसरते. उरलेली अठरा आणि ही नऊ, एकूण सत्तावीस खोकी दुकानात छतापर्यंत रचली होती. त्या ढिगाकडे बघून मला स्वतःची लाज वाटायची. मशीनमध्ये काही खोट नव्हती. खोट माझ्यात होती. मी जन्म काढला चेंबूरच्या दोन खोल्यांत. रात्री गाद्या घातल्या की आमच्याकडे पाय टाकायला जागा राहत नाही. कुठल्याही साहेबापेक्षा मला हे जास्त ठाऊक होतं, आणि मढच्या त्या हॉलमध्ये मी माझं घर साफ विसरले. अर्धा तास मोकळी जागा मिळाली आणि मला वाटलं की सगळ्या जगाकडे ती आहे.

अंकल तसे ओरडणारे नव्हते. एवढंच म्हणाले, ‘तो मोबाइलवाला चोवीस तारखेला येणार हाय. हो की नाय ते सांगायचंय त्याला.’

‘नाताळपर्यंत सगळी उठली तर?’

‘सगळी म्हणजे सगळी. एक पण उरला तर मी हो बोलणार. माझ्यात पण आता दम नाय गो.’

दुसऱ्या दिवसापासून मी शिंप्याची टेप गळ्यात घालून दुकानात उभी राहायला लागले. कुणी नाचऱ्याची चौकशी केली की विचारायची, ‘घरी टीव्हीसमोर आठ फूट मोकळी फरशी आहे का? नसेल तर घेऊ नका.’ जवळ राहणारा असेल तर मी स्वतः जाऊन मोजायची. अंकल वैतागले. ‘सत्तावीस खोकी पडलीत आणि तू गिऱ्हाईक परत पाठवतेस?’ मी म्हटलं, ‘परत पाठवलेलं गिऱ्हाईक परत येतं, परत आलेलं मशीन येत नाही कुणी घ्यायला.’ बोलायला ठीक होतं, पण खपत काही नव्हतं. चर्चच्या फादरनी हॉलसाठी एक घेतलं, कामराजनगरच्या एका डान्स क्लासनं एक. आमच्या बुद्धविहारात मी विचारून पाहिलं तर समितीतले कांबळे गुरुजी माझ्याकडे असे बघायला लागले की मी वाक्य अर्धवट सोडलं.

तेव्हा मला सुनीताची आठवण झाली. सुनीता पालिकेच्या दवाखान्यात नर्स, विहारातलीच ओळख. दिवाळीच्या आदल्या दिवशी तिनं मशीन नेलं होतं. तिची खोली मला माहीत होती, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सात मजली बिल्डिंगमधली, सव्वादोनशे फुटांची. ओळखीच्या बाईला आपण गंडवलं, ही टोचणी मला होती. तिच्याकडून तक्रार आली नव्हती, म्हणून जास्तच. संध्याकाळी सातच्या सुमाराला मी मशीन परत घ्यायला म्हणून गेले.

पाचव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि समोर एक आजी चेंडू टाकायच्या पवित्र्यात उभ्या. पॅसेजमध्ये दहा-बारा बाया, पोरी, एक-दोन पुरुष भिंतीला टेकून. सगळे ओरडत होते, ‘टाका आजी, टाका!’ आजींनी हात फिरवला. कुठूनतरी बाटल्या पडल्याचा आवाज आला आणि टाळ्या पडल्या. मी बघितलं तर सुनीताच्या घराचं दार सताड उघडं, आणि चाकाच्या टेबलावर ठेवलेला टीव्ही दाराकडे तोंड करून उंबऱ्याच्या आत उभा. खेळणारे बाहेर पॅसेजमध्ये.

‘ताई! तुम्ही कशा काय?’ सुनीता म्हणाली.

‘अगं, ते मशीन परत घ्यायला आले होते. त्याला जागा फार लागते, मी तुला सांगितलंच नव्हतं.’

‘परत? वेड लागलंय का? मजल्यावरच्या बाया मला मारतील!’ ती हसायला लागली. ‘आत जागा नाही तर बाहेर आहे ना. टीव्ही फिरवला की झालं. लिफ्ट आली की जरा थांबायचं.’

समोरच्या घराच्या दाराजवळ भिंतीवर खडूनं पाळीची नावं लिहिलेली होती. मी गळ्यातली टेप काढली आणि टीव्हीपासून समोरच्या दारापर्यंत धरली. नऊ फूट आणि वर चार बोटं.

त्या रात्री मी झोपले नाही असं काही नाही, चांगली गाढ झोपले. मला कळलं होतं काय करायचं ते. आमच्या उपनगरांत घरं लहान आहेत, पण एका मजल्यावर दहा-दहा, पंधरा-पंधरा दारं आहेत आणि त्यांच्यामध्ये लांबलचक पॅसेज आहे. कंपनीनं मशीन घरासाठी बनवलं होतं. मी ते मजल्यासाठी विकायला घेतलं. दुसऱ्या दिवशी चाकाची टेबलं करणारा एक सुतार पकडला, लांब वायरचे बोर्ड आणले, आणि रोज संध्याकाळी एका बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये खेळ लावायला लागले. टेप गळ्यात होतीच. पॅसेज मोजायचा, दाराची रुंदी बघायची, मगच विकायचं. एका सोसायटीचे सेक्रेटरी अंगावर आले. ‘कॉमन एरियात गेम? उद्या लग्न लावाल इथे!’ मी त्यांच्या मिसेसना म्हटलं, वहिनी, एकदा टाकून बघा. वहिनींनी पहिल्याच चेंडूत सगळ्या बाटल्या पाडल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही जरा बाजूला व्हा, कॅमेऱ्यात येताय.’ त्या एका बिल्डिंगमध्ये तीन मशीनं गेली, प्रत्येक मजल्याला आपलं वेगळं पाहिजे म्हणून. जिथे एक जण खेळतो आणि बारा जण बघतात, तिथे त्या बारांमधला एक तरी उद्या दुकानात येतो. इतक्या वर्षांत मला भेटलेलं कुठलंही खपलेलं मशीन याच रस्त्यानं खपलेलं आहे. कंपनीच्या साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, इंटरेस्टिंग.

चोवीस डिसेंबरला सकाळी एक खोकं उरलं होतं. अंकलनी दुकानाला कागदी चांदणी लावली होती. मोबाइलवाला दुपारी चारला येणार होता. तीन वाजले तरी कुणी फिरकलं नाही. सव्वातीनला एक माणूस आला, चाळिशीतला, अंगात कुरिअर कंपनीचा शर्ट, पाठीवर पार्सलची रिकामी बॅग.

‘ताई, तो उड्या मारायचा गेम हाय ना? माझ्या मुलींनी दिवाळीत इथं फुटपाथवर खेळून बघितला होता. दोन मुली हायेत. थोरली त्याचंच नाव घेऊन बसलीये.’

‘आहे,’ मी म्हटलं. ‘एकच उरलाय.’

टेप माझ्या गळ्यात होती. महिनाभर मी शेकडो माणसांना जो प्रश्न विचारला, तो माझ्या जिभेवर आला होता. बिलासाठी मी पत्ता विचारला, त्यानं विक्रोळीच्या टेकडीवरचा सांगितला. मला ती टेकडी माहीत आहे. तिथे मजले नाहीत, पॅसेज नाहीत. उत्तर काय येणार ते मला कळलं होतं, म्हणून मी प्रश्न विचारला नाही. खोकं पिशवीत घातलं, दोरी बांधली, ‘मुलींना नाताळच्या शुभेच्छा सांगा’ म्हटलं. तो इतका खूश होता की जाताना त्यानं अंकलनाही हात जोडले.

अंकल गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. म्हणाले, ‘आज टेप नाय काढलीस.’

मी बिलबुक मिटलं. चारला मोबाइलवाला आला तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे केकची बशी सरकवली आणि सांगितलं, ‘दुकान देत नाय.’ तो गेल्यावर मला इतका आनंद झाला की मी रिकाम्या दुकानात, काही नसताना, हात फिरवून एक चेंडू टाकला. आणि मग गळ्यातली टेप काढून खणात टाकली.

दुकान पुढे दहा वर्षं चाललं. आता मुलांऐवजी पस्तिशीचे बाप स्वतःसाठी मशीनं घ्यायचे आणि आईऐवजी बायकोला काय सांगायचं ते मला विचारायचे, पण धंदा तोच होता आणि मला तो येत होता. अंकल गेले, त्यानंतर मी काउंटर सोडला. नाचरा मात्र कंपनीनं बंद केला, त्याच्यावर नवे गेम यायचे थांबले, जगभरात तो पडला असंच लिहिलं गेलं. पडणार हे मला त्या नाताळातच दिसत होतं. जगभरात कुठे पॅसेज मोजणारी बाई ठेवली होती कंपनीनं?

पण त्या शेवटच्या खोक्याचं राहिलं. त्या नाताळानंतरच्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, एका रविवारी मी बिलाच्या कॉपीवरून पत्ता घेतला आणि टेकडी चढले. विचारत विचारत गेले. गल्ली अशी की समोरून माणूस आला तर एकानं दारात शिरावं. तो घरी नव्हता, बायको होती. दोन्ही मुली जमिनीवर बसून अभ्यास करत होत्या. खोली आठ बाय दहा असेल, वर माळ्यावर जायला लोखंडी शिडी. आणि कपाटावर ते खोकं. मी बांधलेली दोरीसुद्धा तशीच होती, वरून प्लास्टिक गुंडाळलेलं.

मी कोण ते सांगितलं. म्हटलं, ‘वहिनी, याला जागा लागते. माझी चूक झाली, मी विचारायला पाहिजे होतं. द्या, मी परत घेते. दुकानातर्फे दुसरं काहीतरी देते मुलींना, इथे बसून खेळता येईल असं.’

ती बाई घाबरल्यासारखी झाली. ‘नाही नाही, ताई. तुम्ही कशाला चढून आलात? आम्हाला माहितीये जागा लागते ती. ह्यांनी आणला त्या दिवशीच मुलींनी खोक्यावरचं चित्र बघितलं ना. आमच्या इथं बिल्डिंग होणारे. सगळ्यांची कागदं घेऊन गेलेत. तिथं गेलो की लावायचा, असं ठरलंय आमचं.’

थोरली मुलगी वहीतून वर बघून म्हणाली, ‘आम्ही जागा पण ठरवलीये, टीव्ही कुठं ठेवायचा ती.’

मी त्या टेकडीवरच्या बिल्डिंगची बोलणी माझ्या लग्नाच्या आधीपासून ऐकत होते.

बाईनं मला पाणी दिलं, मग कपाटाकडे बघत जरा काळजीनं विचारलं, ‘ताई, तुम्हाला यातलं कळतं. तोपर्यंत टिकेल ना हो ते?’

दोन्ही मुली माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

‘टिकेल,’ मी म्हटलं.